छत्रीखालची रांग

यवतमाळात कुणी मला "काय करता?" असं विचारलं की सुरुवातीला मी खरं उत्तर द्यायचो. उपग्रहावरून चालणाऱ्या नेटवरची गर्दी सांभाळतो, म्हणायचो. समोरचा गंभीरपणे मान डोलवायचा आणि म्हणायचा, "हौ का? मंग आमच्या टीव्हीवर मॅच दिसून नाई राह्यली, जरा छत्री पाहून द्या नं." लग्नाच्या पंगतीत, बसस्टँडवर, कुठेही. एकदा तर सरण पेटतंय न पेटतंय तोच एका गृहस्थांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं होतं, त्यांच्या छत्रीत पाणी साचतं म्हणून. हळूहळू मी समजावून सांगायचा नाद सोडला. जिल्हाभर माझं नाव 'छत्रीवाले' पडलं ते पडलंच. आता निवृत्त झाल्यावर कुणी त्या नावानं हाक मारली तर उलट बरं वाटतं.

आमची छत्री म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीची पांढरी तबकडी. बँकेच्या, जिनिंगच्या नाहीतर दवाखान्याच्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसलेली दिसते ती. ज्या गावात जमिनीखालची तार पोचलेली नाही आणि मोबाईलचा टॉवर टेकडीआड पडतो, तिथं ती लावतात. ती आकाशातल्या उपग्रहाशी बोलते आणि उपग्रह शहरातल्या मोठ्या केंद्राशी. छत्रीतून खाली आलेली तार ज्या डब्यात शिरते तो मोडेम. छत्री बसवणं हे अर्धं हमालीचं काम, एकदा केलं की झालं. माझं काम त्यानंतर सुरू व्हायचं आणि ते कधी संपायचं नाही.

हे काम समजावून सांगायला मला जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचं, फाटक बरं पडतं. कापसाच्या हंगामात जिनिंगबाहेर लागलेली गाड्यांची रांग आपल्याकडे सगळ्यांनीच पाहिलेली असते. फाटकावरचा माणूस शहाणा असेल तर आधी आत विचारून घेतो, आज यंत्रं किती चालू आहेत. सगळी चालू असली तर भराभर गाड्या सोडतो. वीज कमी असली, काही यंत्रं बंद असली, तर हात आखडता घेतो. न विचारता रोजच्यासारख्या गाड्या आत घेतल्या तर आवार गच्च भरतं आणि मग खुद्द मालकाच्या गाडीलाही वाट मिळत नाही.

उपग्रहाचंही तसंच आहे. आभाळ मोकळं असलं की वाट रुंद असते. पाऊस आला की सिग्नल क्षीण होतो. मग मोडेम आपण होऊन सावकाश आणि स्पष्ट बोलायला लागतो, जसं आपण पिठाच्या गिरणीत उभं राहून एकेक शब्द सुटा करून बोलतो. बोलणं पोचतं, पण तेवढ्याच वेळात कमी पोचतं. म्हणजे आतली यंत्रं कमी झाली. फाटकावरचा माणूस म्हणजे मोडेमच्या अलीकडचा दुसरा डबा, राउटर. त्याला या बदलाची गंधवार्ता नसते. तो ऐटीत गाड्या सोडत राहतो आणि मोडेमच्या पोटात रांग लागते. पुष्कळदा त्यात कुणाचं काही हरवत नाही, नुसतं उशिरा पोचतं. हे 'नुसतं उशिरा' किती महागात पडू शकतं हे मला या नोकरीनं शिकवलं, आणि तेही अगदी शेवटी शेवटी.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. उमरखेडकडच्या एका बँकेत पावसाळा आला की नेट मान टाकायचं. जाऊन पाहतो तर तिथल्या शिपायानं छत्रीच्या तोंडावर मेणकापड आवळून बांधलेलं. "भिजू नये म्हणून बांधलं साहेब, बँकेची वस्तू हाय," तो अभिमानानं म्हणाला. त्या कापडावर चिकटून राहिलेलं पाणीच सिग्नल पिऊन टाकत होतं. एका जिनिंगच्या शेठजींनी छत्रीच्या ऐन तोंडावर चंदेरी रंगात देवीचं नाव लिहून घेतलं होतं. पुसू देईनात. "देवी आड येते म्हणता का तुमच्या कामात?" असं त्यांनी मलाच विचारलं. शेवटी नाव छत्रीच्या मागच्या अंगावर लिहायचं ठरलं. देवी पाठीशी असलेली केव्हाही चांगली, हे त्यांनाही पटलं.

असे किस्से सांगायला बसलो तर अंक पुरायचा नाही. पण संपादकांनी लिहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी आले ते वसंतराव कंडक्टर.

मारेगावच्या पुढं, मोठा रस्ता सोडून आत गेलं की टेकडीच्या पोटाशी एक गाव आहे. नाव सांगत नाही, गावातल्यांना कळेलच. सगळी पराटी, म्हणजे कापसाची झाडं, आणि तूर, मधे पळस. मोबाईलला तिथं रेंज नाही. आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर आमची छत्री आणि खाली रेखाताई. त्या नर्स, गावासाठी 'सिस्टर'. माणूस तोंडानं फटकळ, पण कामाला वाघीण. दसरा नुकताच झाला असताना एक दिवस त्यांचा मला छत्रीच्याच नेटवरून फोन आला.

"भाऊ, मंगळवारी आमच्या इथलं व्हिडिओ बिघडते."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी व्हिडिओच नसते नं! कसं विचारता तुम्ही?"

मंगळवारचं प्रकरण असं होतं. वसंतराव म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. त्याच भागातल्या गाड्यांवर उभा जन्म गेलेला. उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. नागपूरच्या एका दवाखान्यातल्या वाचा सुधारणाऱ्या मॅडम त्यांना दर मंगळवारी व्हिडिओवरून शिकवायच्या. चित्र दाखवायचं, वसंतरावांनी नाव सांगायचं. पावसाळ्यात प्रगती चांगली होती. मग नवरात्राच्या आधीपासून एकाएकी घसरण सुरू झाली. विचारलं एक तर सांगतात दुसरं, नाहीतर गप्प. शेवटी मॅडमनी सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही तर त्यांची वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. त्यांच्याकडेही माणसं ताटकळत होती, त्यांना दोष देता येत नाही. पण अर्ध्या अंगाच्या माणसाला दर आठवड्याला नागपूरला नेणं घरच्यांना शक्य नव्हतं. ती वेळ गेली असती तर वसंतरावांचं बोलणं तिथंच थांबलं असतं.

मी शहरातल्या केंद्राला विचारलं. ते म्हणाले, जोडणी चालू आहे, आलेख उत्तम आहे, तक्रार बंद करा. केंद्रातल्या लोकांना तक्रार बंद करण्यात जो आनंद मिळतो तो मला कधी मिळाला नाही, म्हणून मी गाडी काढली.

त्या भागात मी बाजाराच्या दिवशी जायचो. त्या दिवशी निम्मं गाव बाजाराला गेलेलं असतं, सिस्टर घरोघर फिरत नाहीत, हमखास जागेवर सापडतात. पुष्कळ वर्षांची सवय. गेलो, सगळं तपासलं. सिग्नल झकास. छत्रीसमोर आलेली पळसाची एक फांदी उगाच अपराधी ठरवून तोडली. माझ्या फोनवरून व्हिडिओ लावून पाहिला, पाण्यासारखा वाहत होता. सिस्टरांचा चहा घेतला आणि परत आलो. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच रडगाणं. तेव्हा म्हटलं, बिघाडाला मंगळवार आवडत असेल तर आपणही मंगळवारीच गेलं पाहिजे.

उपकेंद्राच्या ओट्यावर वसंतरावांची बायको, कमलबाई, नवऱ्याचा हात धरून बसल्या होत्या. वसंतराव उंच, करड्या मिशांचे, शर्टाच्या खिशाला अजून पेन लावलेले. मी नमस्कार केला तर डाव्या हातानं त्यांनी मला बसायला जागा दाखवली. गाडीत दाखवायचे तशीच दाखवली असावी.

"घरी समदं बोलतेत हो," कमलबाई मला हळूच म्हणाल्या. "म्हैस म्हणतेत, चहा म्हणतेत. इथं आले का मॅडमले पटतच नाई. मले वाटते आपली वऱ्हाडी बोली त्याईले समजत नसन. मी तं आता घरी पुस्तकातल्यावानी बोलाले लावून राह्यली यायले."

"मग?"

"मंग काय, चिडतेत माह्यावर."

तास सुरू झाला. मी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसलो. मॅडम दिसत होत्या स्पष्ट, आवाज खणखणीत. त्यांनी बैलाचं चित्र धरलं. वसंतरावांचे ओठ हलले, मान ताठ झाली, कपाळावर घाम आला आणि शब्द बाहेर पडला, "बैल." मला टाळी वाजवावीशी वाटली. पडद्यावर मॅडम मात्र तशाच, हसऱ्या चेहऱ्यानं वाट पाहत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "हरकत नाही काका, पुढचं बघू." आणि त्यांनी घागरीचं चित्र धरलं.

वसंतरावांनी एकदा बायकोकडं पाहिलं. मग घागरीसाठी जोर लावायला सुरुवात केली. तेवढ्यात मॅडमचा चेहरा बदलला. त्या मायेनंच म्हणाल्या, "नाही काका, हा बैल नाही. नीट बघा."

"नीट म्हणा नं," कमलबाई कुजबुजल्या.

वसंतरावांनी ओठ मिटून घेतले. इतकी वर्षं ज्यानं भरल्या गाडीला दटावलं तो माणूस पाटी फुटलेल्या पोरासारखा खाली पाहत बसला. आणि मी आकडे पुन्हा एकदा पाहिले. लॅपटॉपवर मला दिसत होतं, की येणारी वाट मोकळी आहे आणि जाणारी वाट तुडुंब भरली आहे. मॅडमचा प्रश्न इथं लगेच पोचत होता. वसंतरावांचं उत्तर मात्र मोडेममधल्या रांगेत उभं राहत होतं, आणि नागपूरला पोचेपर्यंत तिकडं पुढचं चित्र आलेलं असायचं. माणूस बरोबर सांगत होता. दर वेळी बरोबर सांगत होता, आणि दर वेळी त्याला चूक म्हटलं जात होतं.

पण रांगेत होतं कोण? उपकेंद्रात दुसरा संगणकसुद्धा नव्हता. मी सिस्टरांना विचारलं, वायफायवर आणखी कुणी आहे का? त्या म्हणाल्या, कोणी नाही. माझा लॅपटॉप म्हणत होता, पुष्कळ जण आहेत. मी उठून आतल्या खोलीत गेलो. लसींच्या फ्रिजशेजारी टेबलावर एक मोठी टोपली, वर स्वच्छ पंचा झाकलेला. पंचा उचलला तर आत मोबाईल. एकावर एक, रचून ठेवलेले. कुणाला लाल दोरा बांधलेला, कुणाच्या पाठीवर टिकली चिकटवलेली, कुणाच्या कव्हरात पाच रुपयांची नोट.

"हे काय सिस्टर?"

"वेचणीवाल्या बायांचे फोन हायेत," त्या म्हणाल्या, जणू प्रत्येक दवाखान्यात अशी टोपली असतेच.

कापूस वेचताना बाया कमरेला ओटी बांधतात. वाकून वेचायचं आणि ओटीत टाकायचं. तिथं फोन खोचला की तो केव्हा कापसात घसरेल याचा नेम नाही. गेल्या हंगामात एकीचा फोन असाच गंजीत गेला आणि सगळा कापूस उलटापालटा करावा लागला. तेव्हापासून गावात रिवाज पडला. सकाळी वावरात जाताना फोन सिस्टरांकडं ठेवायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. वावरात रेंज नाहीच, फोनचा उपयोग काय? ओळखायला खुणा म्हणून ते दोरे आणि टिकल्या. वायफायचा पासवर्ड कधीतरी एकीला सांगितला होता, तो अर्थातच सगळ्यांकडं होता. म्हणजे मालकिणी तिकडं पराटीत वाकलेल्या आणि इकडं त्यांचे फोन टोपलीत पडल्या पडल्या जिवाच्या आकांतानं कामाला लागलेले. बारशाचे व्हिडिओ, भुलाबाईची गाणी, नातवांचे फोटो, शेकडो सुप्रभाती फुलं, सगळं एकदम वर ढकलत होते. आणि त्या सगळ्यांच्या मागं वसंतरावांचा 'बैल' उभा.

बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. बाया फोन घेऊन बाजाराला. टोपली रिकामी. माझी पुष्कळ वर्षांची सवय मला बरोबर त्याच दिवशी तिथं नेत होती.

मी टोपलीतल्या फोनांचं नेट तेवढ्यापुरतं तोडलं, रांग ओसरली, आणि मी पडद्यासमोर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे ते मागच्या चित्राचं उत्तर होतं?"

"हो मॅडम. इथं खोलीत मी स्वतः ऐकलं."

त्यांनी समोरच्या वहीची पानं मागं चाळली. मग म्हणाल्या, "तसं असेल तर मला वाईट वाटतंय. पण तुमच्या शब्दावर मी प्रगती लिहू शकत नाही. दिवाळीच्या आधी एक मंगळवार आहे. त्यांची उत्तरं मला वेळेवर ऐकवा, बाकी मी बघते."

रास्त बोलणं होतं. मी सिस्टरांकडं वळलो आणि म्हणालो, सोपं आहे, फोन इथं ठेवू देऊ नका, नाहीतर पासवर्ड बदला.

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काहून? या बाया आधी दवाखान्याच्या सावलीले उभ्या राहत नव्हत्या. आता फोन ठेवाले येतात म्हणून बीपी दाखवतात, गोळ्या नेतात. फोनले नेट भेटते म्हणून येतात, हेबी मले मालूम हाय. तुम्ही टोपली बंद करान तं माह्या बाया जातीन. कंडक्टरभाऊचं बोलणं बी पाह्यजे अन् माह्या बाया बी पाह्यजेत. तुम्ही छत्रीवाले कायले म्हणवता मंग?"

मी लॅपटॉप पुन्हा उघडला. मी राउटरमध्ये दोन रांगा केल्या. मॅडमच्या तासाची आणि सिस्टरांच्या मीटिंगची रांग पहिली, तिला कुणी अडवायचं नाही. टोपलीची दुसरी, उरलेल्या वाटेनं सावकाश जाईल. सुप्रभाती फुलं दुपारी पोचली तर कुणाचं बिघडत नाही. करून पाहिलं, छान चाललं. मी खुशीत घरी आलो.

दोन-तीन दिवसांत अवकाळी पाऊस झाला आणि सिस्टरांचा फोन आला. ऑनलाइन मीटिंगमध्ये त्या बोलत होत्या आणि साहेब लोक त्यांना "बोला, बोला" म्हणत बसले होते. मी कपाळावर हात मारला. मी रांगा केल्या होत्या त्या आभाळ मोकळं असतानाच्या रुंदीवर. पावसात वाट अरुंद झाली, पण फाटकावरच्या माणसाला कुणी सांगितलं नाही. तो ठरल्याप्रमाणे गाड्या सोडत राहिला आणि गर्दी पुन्हा मोडेमच्या पोटात, जिथं पहिली रांग आणि दुसरी रांग असं काही नसतं, सगळा एकच लोंढा. वेग कायमचाच कमी धरावा तर चांगल्या दिवशी निम्मी वाट वाया जाते. एकच खरा उपाय होता. मोडेमनं राउटरला सतत सांगत राहायचं, या क्षणी माझी रुंदी एवढी आहे, आणि राउटरनं तेवढंच सोडायचं.

तशी सोय त्या मोडेममध्ये होती. बहुतेक चांगल्या सोयींप्रमाणे ती कुणी चालू केलेली नव्हती. केंद्रातल्या साहेबांना परवानगी मागितली तर म्हणाले, एका उपकेंद्रासाठी वेगळी मांडणी कशाला? मी म्हटलं, तुम्ही तक्रार बंद करायला सांगितली होती ना, ती बंद करायचा हाच रस्ता आहे. ते हसले आणि हो म्हणाले. पुढे काही महिन्यांनी सगळ्या ठिकाणी तशीच मांडणी करायचं परिपत्रक निघालं. त्यात माझं नाव नव्हतं, पण शब्द बरेचसे माझे होते. ते परिपत्रक मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, समजलं काही नाही, पण छान आहे.

मनाला एक गोष्ट मात्र लागून राहिली. जिल्ह्यातल्या इतक्या छत्र्यांखाली कोण कोण काय काय बोललं असेल आणि ते उशिरा पोचलं म्हणून चूक ठरलं असेल, कुणास ठाऊक. आलेखात ते दिसत नाही. आलेखात फक्त पोचलं एवढंच दिसतं.

दिवाळीआधीचा तो मंगळवार उजाडला तोच आभाळ घेऊन. मी पोचेपर्यंत टेकडी दिसेनाशी झाली होती. सकाळी बाया वावरात गेल्या होत्या, टोपली भरलेली होती. कमलबाईंनी वसंतरावांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. तास सुरू झाला आणि टिनावर पाऊस वाजायला लागला. लॅपटॉपवर वाटेची रुंदी उतरताना मला दिसत होती. मोडेम सांगत होता, राउटर ऐकत होता, आणि टोपलीतले फोन मुकाट्यानं मागं सरत होते. नोकरीत मी बडे बडे साहेब शेजारी उभे असताना कामं केली आहेत, पण एका आकड्यावर असा डोळा लावून कधी बसलो नव्हतो.

"हे काय आहे काका?"

"घा...गर."

"बरोबर!"

मॅडमचा तो 'बरोबर' लगेच आला. उपग्रहाला जायला-यायला क्षणभर लागतो, तेवढाच काय तो उशीर. वसंतरावांनी चमकून पडद्याकडं पाहिलं. मग कुलूप, विळा, चूल. एक-दोनदा अडखळले, एकदा चुकले, पण चुकले ते त्यांचं स्वतःचं चुकणं होतं आणि मॅडमनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. माणूस खुर्चीत हळूहळू सरळ होत गेला.

तेवढ्यात पावसानं वेचणी मोडली आणि बाया परतल्या. डोक्यावर पोत्याच्या खोळी, अंगावरून पाणी निथळतंय. फोन घ्यायला सगळ्या एकदम आत शिरल्या. टोपली राहिली बाजूला, पडद्यावर कंडक्टरभाऊंचं काय चाललंय ते पाहायला दारात ही रेटारेटी. सिस्टर ओरडल्या, कुणी ऐकेना. पडद्यासमोर अंधार झाला.

आणि खोलीत एक आवाज उठला. भरदार, जरा घोगरा, शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"समोर चाला! समोर जागा हाय! दरवाजा मोकळा करा!"

बाया जागच्या जागी थिजल्या. मग एकीनं तोंडावर पदर घेतला आणि सगळ्या सवयीनं दोन पावलं सरकल्या. दार मोकळं झालं. कमलबाई नवऱ्याकडं पाहतच राहिल्या. माझ्याच्यानं डोळे पुसल्याशिवाय राहवलं नाही.

नागपूरहून मॅडमचं हसू आलं, अगदी त्याच क्षणी. पण त्या कसलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "जन्मभर घोकलेली वाक्यं अशी आपोआप येतात कधी कधी. ती मोजता येत नाहीत." मग पुढं वाकून म्हणाल्या, "काका, काय म्हणालात? मला पुन्हा एकदा सांगा ना."

वसंतरावांनी त्यांच्याकडं पाहिलं. गाडीत तेच ते विचारणाऱ्या पॅसेंजरकडं कंडक्टर पाहतो तसं. ओठ जुळवले, एकेक शब्द शोधला आणि जागेवर ठेवला.

"एक डाव... सांगतलं... नं!"

खोलीत हशा पिकला. कमलबाई मात्र घाबरल्या. "अवो, असं काय बोलता? मॅडम आयकून राह्यल्या! पुस्तकातल्यावानी बोला."

"कमलताई," पडद्यावरून लगेच आवाज आला, "त्यांना असंच बोलू द्या. पुढच्या मंगळवारी याच वेळेला."